चांदीचं अनोळखी पदक हाती आलं तर: देव नंतर, वस्तू आधी

पहिली सूचना, आणि सगळ्यात महत्त्वाची: घासू नका. रिठ्याने नाही, चिंचेने नाही, टूथपेस्टने नाही, भांड्यांच्या पावडरीने तर अजिबातच नाही. अॅल्युमिनियमची फॉइल आणि खायचा सोडा टाकून गरम पाण्यात बुडवायचा उपायही नको. खोबणीत साचलेला काळपटपणा, जुनं हळद-कुंकू, कडीच्या मुळाशी अडकलेला दोरा हे सगळं पुरावा आहे. नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्यात असे जुने कारागीर भेटतात, की लखलखीत करून आणलेली जुनी वस्तू बघताच ते म्हणतात, ‘काहून घासलं बापा? आता यात मी पाहू काय?’ धूळ असेल तर साध्या पाण्याने धुवा, सुती कापडाने टिपा, बस्स.

दुसरी गोष्ट. असं पदक हातात आलं की घरातला प्रत्येकजण एकच विचारतो, हा कोणता देव? प्रश्न साहजिक आहे, पण सुरुवात तिथून केली की बहुतेकदा वाट चुकते. देवाची मूर्ती शतकानुशतकं सहसा बदलत नाही. दोन बाजूंनी हत्ती पाणी घालताहेत अशी गजलक्ष्मी दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांवर आहे आणि मागच्या धनत्रयोदशीला घेतलेल्या दहा ग्रॅमच्या नाण्यावरही आहे. वय, ठिकाण, उपयोग हे देवाच्या चेहऱ्यावरून कळत नाही. ते कळतं पाठीवरून, कडेवरून, कडीवरून आणि वजनावरून. म्हणून खालचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे.

आधी बघा, ते कुठे झिजलं आहे

साधन फार नको. दहापट दाखवणारं भिंग, दोन दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, पट्टी आणि सकाळचं खिडकीतलं तिरपं ऊन. बल्बखाली समोरून पाहिलं तर चांदी नुसती चमकते. तिरप्या उजेडात मात्र पुसट अक्षरांच्या सावल्या उठतात.

आता झीज वाचा. गळ्यात घातलेल्या पदकाची पाठ गुळगुळीत होते, कारण ती अंगाला आणि कपड्याला घासत राहते. पुढचा देव त्या मानाने ठीक असतो. कडीचा आतला वरचा भाग साखळीने कापल्यासारखा पातळ झालेला असतो. ही खूण खोटी करणं अवघड आहे. भिंगातून पाहिलं तर कडीची तार खाली जाड आणि वर निम्मी उरलेली दिसते. अशी कडी असेल तर ते पदक वर्षानुवर्षं कुणाच्या तरी गळ्यात होतं हे नक्की धरा.

देवघरातल्या वस्तूचं उलटं. अभिषेकाच्या वेळी रोज अंगठ्याने पुसल्यामुळे देवाचं नाक, कपाळ, गुडघे असे उंचवटे झिजतात, खळगे कुंकवाने भरलेले राहतात आणि पाठ जवळपास नवी असते. व्यवहारात फिरलेलं नाणं दोन्ही बाजूंनी सारखंच झिजतं, कडेसकट. आणि बक्षिसाचं पदक बहुधा झिजलेलंच नसतं. ते डबीत राहतं, काळं पडतं, त्यावर पडण्या-आपटण्याच्या खुणा असतात पण घासण्याच्या नाहीत. त्याच्या पाठीवर नाव कोरण्यासाठी मोकळी जागा सोडलेली असते, भोवती फुलांची माळ असते. आखाड्यांच्या पदकांवर मारुती आणि शाळांच्या पदकांवर सरस्वती सर्रास असते, त्यामुळे देव दिसला की धार्मिकच वस्तू असं समजू नका.

टाकाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण नागपुरातल्या जुन्या घरांत ते सापडतात आणि नव्या पिढीला ओळखू येत नाहीत. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेला कुलदेव किंवा कुलदेवी. आकार चौकोनी, किंवा वर कमान असलेला. मागून पाहिलं तर देव खोलगट दिसतो, कारण पत्रा मागून पुढे ठोकलेला असतो. बऱ्याचदा पाठीला तांब्याचा पत्रा जोडून कडा दुमडलेल्या असतात. टाकाला सहसा कडी नसते. असलीच, तर ती कुणीतरी नंतर लावलेली. घरातल्या गेलेल्या माणसांचेही टाक करण्याची रीत आहे. तेव्हा घोड्यावरचा तलवारधारी दिसला म्हणजे खंडोबाच असं नाही, तो घराण्यातला वीरही असू शकतो. हे सराफाला कळणार नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर आत्याला विचारा.

कडी आणि कड

कडी पदकाबरोबरच घडली आहे की मागाहून डाग देऊन (झाळून) लावली? डागाच्या जागी धातूचा रंग किंचित पिवळट किंवा राखाडी दिसतो. कडीचा पाय अक्षरांवर किंवा देवाच्या मुकुटावर बसला असेल तर मूळ वस्तूला कडी नव्हतीच. ती आधी नाणं किंवा पूजेचा शिक्का होती, मग कुणीतरी तिचं पदक केलं. कडी धरून लोंबकळवा. ज्या बाजूचा देव सरळ उभा राहतो, ती बाजू कडी लावणाऱ्याने पुढची मानली. कधीकधी कडी तिरकी बसलेली असते आणि देव एका कुशीवर झुकतो. ते घाईत झालेलं गल्लीतलं काम.

कड पाहताना तीन गोष्टी शोधा. कडेच्या मधोमध बारीक शीर फिरत असेल आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील तर काम ओतीव आहे. एखाद्या जुन्या वस्तूचा साचा घेऊन काढलेल्या नकला अशाच असतात, अक्षरांचे कोपरे त्यात साबणासारखे गोल होतात. कड स्वच्छ आणि अक्षरं धारदार असतील तर ठशात ठोकलेलं. आणि कडेवर बारीक, सरळ, अगदी सारख्या दातेऱ्या असतील, व्यास तीस-एकतीस मिलिमीटर असेल, तर ब्रिटिश रुपयाची एक बाजू घासून त्यावर देव कोरला आहे का ते तपासा.

शिक्के सापडले तर काम सोपं होतं. ‘९९९’, ‘९९०’, ‘९२५’ असे आकडे, त्रिकोणी बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) खूण आणि सहा अक्षरांचा क्रमांक असेल तर वस्तू ताजी आहे. चांदीवर हा सहा अक्षरी क्रमांक २०२५पासून येऊ लागला, आणि तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून पडताळता येतो. याउलट कडेवर किंवा पाठीवर इवलासा चालता सिंह आणि जहाजाचा नांगर दिसला तर तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा शिक्का. सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचं तपासणी केंद्र, आणि शेजारचं एक इंग्रजी अक्षर वर्ष सांगतं. ब्रिटिश काळातली काही बक्षिसाची पदकं तिकडूनच घडून यायची. त्या सिंहाला देवीचं वाहन समजून अर्थ लावणारे महाभाग आहेत, म्हणून सांगून ठेवलं.

वजन, आणि मग पाण्यातलं वजन

जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. ब्रिटिश रुपयाही तेवढ्याच वजनाचा, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के होती. १९४०पासून ती ५० टक्क्यांवर आली. सोनाराकडे चांदी म्हणून रुपयेच मोडीत यायचे, त्यामुळे जुन्या पदकाचं वजन ५.८, ११.६ किंवा २३.३ ग्रॅमच्या आसपास भरलं तर ते तोळ्याच्या हिशेबात घडवलेलं असण्याची शक्यता मोठी. वजन नेमकं १०, २० किंवा ५० ग्रॅम भरलं तर गोष्ट वेगळी. मेट्रिक वजनं आपल्याकडे १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधी कुणी ‘दहा ग्रॅमचं’ पदक घडवत नव्हतं. ‘पणजोबांच्या काळचं आहे’ असं सांगितलेलं पदक काट्यावर १०.०० दाखवतं तेव्हा वाद घालू नका, आकडा दाखवा.

आता धातू. लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर चांदी नाही, पण चिकटलं नाही म्हणून चांदी ठरत नाही. पितळ, तांबं, जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीच सहसा चिकटत नाही. घरच्या घरी करण्यासारखी खरी चाचणी म्हणजे घनता. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पदक बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, बुडबुडे बोटाने झटका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा.

उदाहरणार्थ, कोरडं वजन २३.४० ग्रॅम. पाण्यात धरल्यावर काट्याने २.२७ दाखवले. भागाकार १०.३. शुद्ध चांदीची घनता १०.४९, आणि रुपयाच्या किंवा स्टर्लिंगच्या चांदीची १०.३च्या आसपास, म्हणजे हे पदक चांदीचं असण्यात अडचण नाही. भागाकार ९च्या खाली आला तर आत तांबं आणि वर चांदीचं पाणी, किंवा जर्मन सिल्व्हर, जे साडेआठच्या आसपास असतं आणि ज्यात चांदी नावालाही नसते. टाकाला ही चाचणी लावू नका. दोन पत्र्यांमध्ये हवा अडकलेली असते, उत्तर खोटं येतं.

सराफाकडे टंच काढायला मशीन असतं. काही मिनिटांत टक्के सांगतं, वस्तूला ओरखडाही येत नाही. पण ते वरचा थरच वाचतं हे ध्यानात ठेवा. मुलामा जाड असेल तर मशीन ९९ टक्के सांगेल आणि घनता ८.९ सांगेल. अशा वेळी घनतेवर विश्वास ठेवा. कसोटीवर घासायला किंवा तेजाबाचा थेंब टाकायला मात्र देऊ नका, निदान वस्तू काय आहे हे कळेपर्यंत तरी.

अक्षरं आणि आकडे

नागपूर देशाच्या मधोमध आहे, आणि इथल्या घरांतल्या वस्तू चारी दिशांनी आल्या आहेत. मारवाडी आणि गुजराती पेढ्या, छत्तीसगड-जबलपूरकडची माणसं, तेलुगू कुटुंबं, बंगाली रेल्वेवाले. त्यामुळे पदकावरचं लेखन मराठीच असेल असं गृहीत धरू नका. शिरोरेघ नसलेली नागरीसारखी अक्षरं बहुधा गुजराती. गोल वळणाची, डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी छोटी रेघ असलेली तेलुगू. त्रिकोणी, टोकदार वळणं बंगाली. सलग रेघेखाली गिरवल्यासारखी, हात न उचलता लिहिलेली दिसली तर मोडी. मोबाइलचं भाषांतर अॅप छापील मजकूर बरा वाचतं, ठशातल्या अक्षरांपुढे हात टेकतं. त्यापेक्षा पदकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा आणि उठलेला ठसा ती लिपी येणाऱ्याला दाखवा. अक्षरं उलटी उठलेली असतील, आरशात सरळ दिसत असतील, तर हातात आहे ते पदक नाही, मोहोर किंवा सोनाराचा ठसा आहे. आणि तो पदकापेक्षा जास्त मोलाचा असू शकतो.

सगळ्यात जास्त घोळ आकड्यांचा. समजा पदकावर नुसतं १९४० आहे. इसवी सन असेल तर १९४०. शक असेल तर ७८ मिळवा, २०१८. विक्रम संवत् असेल तर ५७ वजा करा, १८८३. एकाच आकड्याने १३५ वर्षांचा फरक पडतो! म्हणून आकड्याआधी ‘सं’, ‘संवत्’, ‘शके’, ‘श’ असं काही आहे का ते भिंगाने शोधा. नसेल तर भाषेवरून अंदाज बांधा: मराठी मजकुराबरोबर शके, हिंदी-मारवाडी-गुजराती मजकुराबरोबर संवत्. बंगाली आकडे असतील तर ५९३ मिळवा.

काही वेळा आकडे चौकटींमध्ये असतात आणि लोक त्यात तारीख शोधत बसतात. आधी बेरीज करा. तीन बाय तीनच्या चौकटीत उभी, आडवी, तिरपी बेरीज १५ आली तर ते पंधराचं यंत्र. चार बाय चारमध्ये ३४ आली तर चौतिसाचं. व्यापारी घरांत ही यंत्रं गल्ल्यात किंवा तिजोरीत ठेवतात. एकमेकांत गुंफलेले नऊ त्रिकोण दिसले तर श्रीयंत्र. यांच्यावर वर्ष शोधण्यात अर्थ नाही, ते नसतंच.

आता देव

देवाची उजवी बाजू म्हणजे तुमची डावी. हे एकदा पक्कं करा, नाहीतर आयुधं मोजताना गोंधळ होईल. मग ठरलेला क्रम: हात किती, हातांत काय, पायांशी कोण, डोक्यावर काय. चेहरा शेवटी. जमेल तेवढं कागदावर रेखाटा. रेखाटताना जे दिसतं ते नुसतं बघून दिसत नाही.

चार हात आणि त्यांत शंख, चक्र, गदा, पद्म असेल तर विष्णू. ही चार आयुधं कोणत्या हातात आहेत यावरून केशव, नारायण, माधव अशी चोवीस रूपं ठरतात. पदकावर इतकं बारीक क्वचितच उमटतं, त्यामुळे ‘विष्णू’ एवढ्यावर थांबलात तरी चालेल. दोनच हात, दोन्ही कमरेवर, विटेवर समचरण, तर विठ्ठल. वरच्या हातांत शंख-चक्र, खालचा उजवा पायांकडे दाखवणारा आणि डावा कमरेजवळ, कपाळावर डोळे झाकेल एवढं मोठं नाम, तर तिरुपती बालाजी. हे दोघे झिजलेल्या पदकावर एकमेकांसारखे दिसतात, हात मोजल्याशिवाय बोलू नका. डावा हात उंच उचललेला असेल तर श्रीनाथजी, म्हणजे वस्तू गुजराती किंवा मारवाडी वैष्णव घरातली असण्याची शक्यता. मोठे गोल डोळे आणि हात-पाय जवळपास नाहीत, असे तिघे असतील तर जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा.

घोडेस्वार हा नागपुरात खरा अवघड प्रश्न. खंडोबा असेल तर बहुधा म्हाळसा बरोबर असते, खाली कुत्रा आणि मणि-मल्ल, हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू, पानपात्र यांपैकी काही. एकटा स्वार, हातात भाला आणि ध्वज, जवळ पावलांची जोडी असेल तर राजस्थानचे रामदेवजी. नाग स्वाराच्या जिभेला डसतो आहे, तर तेजाजी. आणि यांतलं काहीच नाही तर वर सांगितलेला वीर.

देवींच्या बाबतीत घाई करू नका. महिषासुराला मारणारी अष्टभुजा दिसली की आपण पटकन ‘तुळजाभवानी’ म्हणतो, पण ते रूप अख्ख्या देशात आहे. जागेचं नाव लिहिलेलं असेल किंवा घराण्याची कुलदेवी माहीत असेल तरच नेमकं ठिकाण सांगा. काही मात्र ओळखता येतात. म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र घेतलेली चार हातांची कोल्हापूरची अंबाबाई. अठरा हातांची सप्तशृंगी. धड नसलेला, नुसता मोठा मुखवटा म्हणजे माहूरची रेणुका, आणि विदर्भात ती घरोघर. तीन तोंडं, सहा हात, मागे गाय आणि भोवती चार कुत्रे असले तर दत्त. दाढी आणि हंस असेल तर ब्रह्मदेव.

मांडी घालून ध्यानस्थ बसलेली आकृती ‘शंकर’ म्हणून खपवली जाते. जटा, नाग, गंगा, त्रिशूळ यांपैकी काही नसेल तर थांबा. छातीवर श्रीवत्स आणि आसनाखाली सिंह, बैल, नाग अशी छोटी खूण असेल तर तो जैन तीर्थंकर. या शहरात तर तथागत बुद्धांचं पदक असण्याची शक्यता नेहमीच मोठी. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर झालेल्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांची पदकं इथे घरोघर आहेत.

रूपावरून काळ सांगणारी उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत. साडीतली, कमळावर उभी, बाजूला हत्ती, चित्रासारखी मऊ वळणं असलेली लक्ष्मी दिसली तर ती राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून उतरलेली. त्यांचा छापखाना मुंबईत १८९४मध्ये सुरू झाला आणि ती चित्रं घराघरांत गेली. तेव्हा असं पदक त्याच्या आधीचं असणं जवळपास अशक्य. गजानन महाराज शेगावात १८७८मध्ये प्रकटले आणि १९१०मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या पदकाला ‘दीडशे वर्षांपूर्वीचं’ म्हणणाऱ्याला हा हिशेब पुरे.

आयुधांवर अडलात तर चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत जा. सराफ धातू सांगेल, मूर्तिकार हातातलं काय आहे ते सांगेल. गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत मात्र जाऊ नका, कुणाला मान वर करायला वेळ नसतो.

रामटका, अकबर आणि कंपनी

रामाच्या पदकांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त कथा त्यांच्याच फिरतात. एका बाजूला सिंहासनावर राम-सीता, भोवती भाऊ, पायांशी मारुती. दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण. कडेने ‘राम लछमन जानक जवल हनमनक’ अशी मोडकी-तोडकी अक्षरं. हा रामटका. ती ओळ मुळात ‘राम लछमन जानकी, जय बोलो हनुमान की’ अशी आहे. ठसा कोरणाऱ्यांनी एकमेकांची नक्कल करता करता तिच्या मात्रा-वेलांट्या गळाल्या. त्यावर ‘१७४०’ किंवा ‘५१७४०’ असा आकडा असतो. तो वर्ष म्हणून घेऊ नका. बहुतेक रामटके १९व्या-२०व्या शतकांत पूजेसाठी घडले, आणि तो आकडा ठशाबरोबर नकलून आला. हे नाणं म्हणून चाललेलं नाही, देवघरातलं आहे. रामटेक जवळ असल्यामुळे ‘तिथल्या गडावरच पाडलेलं’ अशीही समजूत आहे. पण रामटके उत्तर भारतापासून दक्षिणेपर्यंत सगळीकडे सापडतात.

‘अकबराने रामाचं नाणं काढलं होतं, हे तेच’ असं कुणी म्हणालं तर अर्धं खरं आहे. अकबराच्या शेवटच्या काळात, १६०४-०५च्या सुमारास, ‘राम सीय’ अक्षरांची सोन्या-चांदीची नाणी निघाली. त्यांवर धनुर्धारी राम आणि मागे सीता आहे, दरबार नाही. आज माहीत असलेले नमुने बोटांवर मोजण्याइतके आणि बहुतेक संग्रहालयांत आहेत. ‘भोसल्यांच्या टांकसाळीचं’ असंही सांगतात. नागपूरकर भोसल्यांची नाणी मोगल बादशहांच्या नावाने, फारसी मजकुराची होती. त्यांवर राम-सीता नाहीत.

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल, ‘हाफ आना’ किंवा ‘वन आना’ असं इंग्रजीत आणि मागे रामदरबार, मारुती किंवा कमळ, हे बाजारात ढिगाने मिळतं. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. लाखो रुपये देतो म्हणणारा, तांदूळ ओढणारं नाणं म्हणणारा, आधी ‘टेस्टिंगची फी’ मागणारा माणूस फसवणारा आहे, फोन ठेवा. गंमत अशी, की कंपनीने देवाचं चांदीचं नाणं पाडलं होतं, पण मद्रासला. १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या अर्ध्या आणि पाव पॅगोडावर (पॅगोडा हे त्या नाण्याचं नाव) एका बाजूला मंदिराचं गोपूर आणि दुसरीकडे विष्णू आहे. मजकूर इंग्रजी, फारसी, तमिळ आणि तेलुगू अशा चार लिप्यांत. चार लिप्या एकत्र दिसल्या तर मात्र नीट बसून बघा.

कुणाला दाखवायचं, आणि कायदा

इतवारीत गेलात तर पहिल्याच वाक्यात ‘किती येतील?’ विचारू नका. ते विचारलं की पदक ताबडतोब मोड होतं आणि भाव वजनाचा निघतो. ‘हे कशाचं काम आहे, ओतीव की ठोकीव, डाग कधीचा वाटतो?’ असं विचारा, आणि दुपारी गर्दी नसताना विचारा. सिव्हिल लाइन्समधलं १८६३चं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, तिथे जुनी नाणी आणि मूर्ती स्वतः पाहून तुलना करता येते. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात लिपी आणि मूर्तिशास्त्र शिकवतात. तिथे जाताना फोटो नीट न्या: दोन्ही बाजू, कड, कडीचं मूळ, शेजारी पट्टी, आणि वजन-घनता लिहिलेली चिठ्ठी. नाण्यांचाच प्रश्न उरला तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. यांपैकी कुणाकडूनही किमतीची अपेक्षा ठेवू नका, ते त्यांचं काम नाही.

महाल भागातला जुना वाडा पाडून फ्लॅट स्कीम होताना पाया खणताना पदकं निघाली, तर ती परस्पर तुमचीही होत नाहीत आणि बिल्डरचीही होत नाहीत. जमिनीत पुरलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असं १८७८चा निखात निधी कायदा सांगतो. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला कुरिअर करायच्या आधी एवढं बघा. आजीच्या डब्यातलं, घरातच वारसाने आलेलं पदक घरात ठेवायला कुणाची हरकत नाही.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका, लोकरीच्या कापडात ठेवू नका. तिन्हींतल्या गंधकाने चांदी काळी पडते. मऊ प्लॅस्टिकची पाकिटंही नकोत, काही वर्षांनी ती चिकट होतात. बटर पेपर किंवा धुतलेलं सुती कापड चालतं. सोबत चिठ्ठी ठेवा: वजन, व्यास, घनता, काय वाचता आलं, कुणाकडून आलं, कोणत्या खोलीतल्या कोणत्या डब्यात होतं. शेवटचे दोन मुद्दे लोक हमखास गाळतात, आणि पुढे कुणी ओळखायला बसलं की पहिल्यांदा तेच विचारतं.